कुंदाचा हललेला फोटो

जगातली बाकीची माणसं डोळ्यांनी बघतात. माझ्या धाकट्या बहिणीचे, कुंदाचे यजमान डोळ्यांनी तपासतात. दार उघडलं की "या, बसा" म्हणायच्या आधी हा गृहस्थ जरा मागे सरकून, मान तिरकी करून, समोरचा माणूस स्पष्ट दिसतोय की नाही याची खात्री करून घेतो. नोकरीच तसली. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्र जिथे उमटतं, त्या सेन्सरवर काम करणाऱ्या कंपनीत ते आहेत. कॅमेऱ्यानं आपला आपण फोकस धरावा, कमी उजेडात धरावा, हलत्या माणसावर धरावा, ही त्यांची कित्येक वर्षांची तपश्चर्या. तपश्चर्या त्यांची, उपास मात्र आम्हा नातेवाइकांना! एका लक्ष्मीपूजनाला त्यांनी आमच्या घरातले सगळे दिवे मालवले आणि एकच पणती ठेवली, "अंधारात कसा धरतो बघू." ते बघेपर्यंत आमच्या ह्यांनी चिवडा समजून रांगोळीच्या वाटीत हात घातला होता. पुढे आम्ही घराला पांढरा रंग काढला, सगळ्यांनी कौतुक केलं, हे एकटेच भिंतीकडे बघून हळहळले. "ताई, पकडायला काहीच नाही हो हिच्यावर. फोकस बिचारा बसणार कुठे?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या सुरकुत्यांवर मात्र फार सुरेख बसतो." मी म्हटलं, "चला मेहुणे, एवढी वर्षं गॅसपुढे काढली, ती कुणाच्या तरी कामी आली."

मी काही शास्त्र शिकलेली नाही, पण समजावून सांगायला त्यांना कुणीही चालतं. मला म्हणाले, डोळ्यासमोर बोट धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट सरकल्यासारखं दिसलं ना? सेन्सरवर तसेच बारीक बारीक डोळे असतात, जोडीजोडीनं. डावा आपलं सांगतो, उजवा आपलं. दोघांचं जुळलं की चित्र स्वच्छ, नाही जुळलं तर भिंग पुढेमागे करायचं. "म्हणजे नवराबायकोसारखंच की," मी म्हटलं. "छे हो ताई, यांचं पापणी लवायच्या आत पटावं लागतं!"

आणि फोकस हुकलेला फोटो ते ठेवतच नसत. काढायचा, बोटांनी मोठा करून बघायचा, तोंड वाकडं करायचं आणि पुसून टाकायचा. "शिळं कशाला ठेवायचं, ताई?" त्यांना वाटे हा बिनतोड मुद्दा. मी म्हटलं, "आमच्यात शिळ्याची फोडणीची पोळी करतात." पण ऐकतील तर ते मेहुणे कसले!

आता यांच्या नशिबी बायको कोण, तर आमची कुंदा. ती स्थिर बसलेली मी लहानपणापासून पाहिली नाही. धायरीच्या त्यांच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता ती फ्रीजपाशी जायची, फ्रीजवरून गॅसपाशी, मध्येच खिडकीतून खालच्या भाजीवाल्याशी वाद घालून यायची. भिंग तिच्यामागे धावेपर्यंत ही पलीकडे. म्हणूनच त्यांनी प्रयोगाला तिला धरली होती. "हिच्यावर जमलं तर जगात कुणावरही जमेल." रोज संध्याकाळी ऑफिसचा चाचणीचा फोन घेऊन ओट्यापाशी उभे. "कुंदा, जरा थांब." "मी थांबते हो, तव्यावरच्या पोळीला सांगा थांबायला." कधी वैतागून म्हणायची, "अहो, लग्न केलंत की प्रयोगशाळा थाटलीत?" पण त्यांच्या यायच्या वेळेला केस सारखे करून, टिकली नीट लावून ती तयार असायची, हे मी पाहिलंय. फोटो निघायचा, धूसर यायचा, पुसला जायचा. उद्या परत.

गेल्या वर्षी कुंदा गेली. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता हातची गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा, म्हणून मेहुणे कॉम्प्युटर उघडून बसले. फोकस तपासायला काढलेल्या बाटल्या होत्या, कॅलेंडरं होती, चौकटीचे टॉवेल होते, माझ्या सुरकुत्या तर विचारूच नका. खडकवासल्याला खाल्लेलं कणीस होतं, दाणा न् दाणा वेगळा दिसणारं, आणि ते धरणारा कुंदाचा हात, हिरव्या बांगड्यांसकट. चेहरा कुठेच नाही. ते वर जायचे, खाली यायचे, परत वर जायचे. आधार कार्डावरच्या फोटोत ती गुन्हा कबूल करायला बसवल्यासारखी दिसत होती, म्हणून शेवटी लग्नातला फोटो ठेवला. सोसायटीतल्या एक बाई नमस्कार करून हळूच मला म्हणाल्या, "ही कोण हो? मुलगी का?"

पुढे काही महिन्यांनी मेहुणे माझ्याकडे आले. "ताई, जमलं. हलत्या माणसावरचा फोकस आता सुटत नाही." मला ओट्यापासून फ्रीजपर्यंत भराभर चालायला लावलं. फोटो असा स्वच्छ, की माझ्याच कपाळावरचं पीठ मला दिसलं. "अहो, मग पेढे कुठायत?" मी म्हटलं. त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "तिचा एखादा आहे का हो तुमच्याकडे? कसाही चालेल."

माझ्या फोनमध्ये सगळंच असतं, कारण पुसायचं कसं ते मला येत नाही. सापडला एक. कुंदा ओट्यापाशी, मागे वळलेली, तोंड उघडं, बहुतेक मलाच काहीतरी सुनावतेय, लाटण्याचा हात तर नुसता फराटा. "फार हललाय हो," मी ओशाळून म्हटलं. शेजारी बसलेली माझी सून म्हणाली, "काका, द्या इकडे, एआयनं मिनिटात शार्प करून देते." मेहुण्यांनी मान हलवली. "करशील गं. पण कॅमेऱ्याला जे दिसलंच नाही, ते तो आपल्या मनानं भरणार. मग ती दुसरीच कुणी बाई होईल."

तोच फोटो मोठा करून त्यांनी दिवाणखान्यात लावला. परवा मी धायरीला गेले होते, तेव्हा शेजारच्या बाई आल्या होत्या. त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "जरा हललाय, नाही? दुसरा नव्हता का चांगला?" मला वाटलं, झालं, आता यांची सेन्सरपासून सुरुवात. पण ते फोटोकडे बघत एवढंच म्हणाले, "पोळ्या चालल्यात तिच्या. थांबायला वेळ नाही." आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेले.