यांना शेकाने मारलं नाही

"पाठीवर पाणी टाकू नको, माझ्या रेघा जातील!"

चुलीवर भाकरी, अंगणात अर्धवट सडा, आणि न्हाणीतून हे ओरडत होते. मी तांब्या खाली ठेवला आणि ओल्या फडक्याने फक्त खांदे पुसले.

रेघा म्हणजे नाशिकच्या डॉक्टरांनी मार्करने पाठीवर काढलेल्या खुणा. मशीनचे किरण नेमके कुठे सोडायचे, ते कळावं म्हणून. फुफ्फुसाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता.

खुणा काढून घरी पाठवलं होतं. "नंबर आला की फोन करू."

फोन लवकर येईना. या माणसाने नवऱ्या मुलीच्या मेंदीसारख्या त्या रेघा जपल्या. मला म्हणायचे, "या पुसल्या तर पुन्हा पहिल्यापासून लाईन."

जळगावजवळच्या आमच्या असोद्यात केळीचा घड कापला की त्याच दिवशी ट्रक उत्तरेच्या वाटेला लागतो. घड वाट बघत नाही, नासतो.

माणूसही नासतो हो. त्याला मात्र आम्ही सांगतो, थांब.

आज यांना जाऊन महिना झाला.

यांचं नाव भास्कर. हे असताना कधी तोंडाने घेतलं नाही. आज घेते, कारण या नावाच्या पुढे गावाने एक खोटं वाक्य जोडलंय.

"भास्करले शेकानं मारलं."

रेडिओथेरपीला आपल्याकडे शेक म्हणतात. विटेचा शेक, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, तसाच हाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, आत भट्टी आहे.

शेवटी फोन आला, नाशिकला शेक सुरू झाला, तेव्हा यांच्या चुलत्यांनी, म्हणजे आमच्या नानांनी, यांना विचारलंही होतं, "भास्कर, लई तापतं का रे ते?"

"नाना, एसीची खोली आहे. गारठलो मी. पुढच्या वेळी तुमची घोंगडी द्या."

पहिल्या दिवशीच डॉक्टरांनी यांच्यासमोर स्पष्ट सांगितलं होतं. याने आजार जाणार नाही. पाठीची कळ जाईल.

आणि कळ गेली.

लगेच नाही. नाशिकहून आल्यावर काही दिवस गेले. मग एका रात्री हे उताणे झोपले. कित्येक महिन्यांनी. सकाळी काठी घेऊन टपरीपर्यंत गेले आणि कुणाशी तरी कापसाच्या भावावरून भांडून आले.

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पुढे फुफ्फुसाने दगा दिला. गेले ते श्वास अडून. पण पाठीच्या कळेने ओरडत नाही गेले. हे मी पाहिलंय. मी तिथे होते.

दुखवट्याच्या शेवटी, गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात माणसं बसलेली. मी आत कोपऱ्यात. शेजारी यांची मोठी बहीण, कमलअक्का.

अक्कांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी ऑपरेशन नाही, शेक आणि सोबत औषध सांगितलेलं. बरं होण्यासारखं आहे, पण उशीर नको, असं बजावलेलं. त्यांचा पहिला शेक दुसऱ्याच दिवशी नाशिकला होता; पुढे काही आठवडे तिथेच राहून घ्यायचा.

आणि बाहेरून नानांचा आवाज आला. "चांगला चालत होता भास्कर. शेक घेतला अन् गेला. जाळलं त्याले."

अक्कांनी माझा हात सोडला.

"मी नही जात व. माह्या भाऊले खाल्लं त्यानं, मले काय सोडनार?"

नव्या विधवेने कोपरा सोडायचा नसतो. मी सोडला. दारात जाऊन उभी राहिले.

"नाना, विळा एकच असतो. त्याने गवत कापतात, घडही कापतात. यांचा शेक कळ घालवायला होता. अक्कांचा रोग घालवायला आहे. नाव एक आहे म्हणून काम एक होत नाही."

"तू काय डाक्टरीन झाली का व?"

"नाही. मी सातवी शिकले. पण मी डॉक्टरांच्या समोर बसून ऐकलंय. तुम्ही टपरीवर ऐकलंय."

सून चुलत सासऱ्यांना असं बोलली, हेच पुढे गावभर झालं. होऊ द्या.

आत आले तर अक्का म्हणाल्या, "अन् मी जळली तं?"

"जळणार नाही. थकाल. जुलाब होतील. माझ्यावर चिडचिड कराल."

"ते तं मी आताही करते."

बायका हसल्या. गंधमुक्तीच्या घरात. यांना आवडलं असतं.

मग अक्का हळूच म्हणाल्या, "पन इतके आठवडे माह्यासंगं ऱ्हाईन कोन?" त्यांचा मुलगा सुरतेला कारखान्यात. त्याला सुट्टी नव्हती.

उपचार असे सुटतात. शेकाला घाबरून कमी, सोबतीला कुणी नाही आणि मशीन लांब, म्हणून जास्त. आपल्या जळगाव-धुळ्याच्या गावांना ही मशीनं घरून जाऊन-येऊन शेक घेता येईल इतकी जवळ हवीत, सरकारी योजनेच्या कार्डावर हवीत. हे मी मागत राहणार. ज्यांना बाई फार बोलते वाटतं, त्यांनी मला अनफ्रेंड करावं.

माझा भाऊ सोनगीरहून गाडी घेऊन आलेला. दुखवट्यानंतर विधवेचं पहिलं पाऊल माहेरी पडतं, अशी रीत. तो म्हणाला, "चाल ताई, गाडी उभी शे."

मी म्हटलं, "सकाळपर्यंत थांब."

भास्कर, तुमच्यासाठी मी अजून नीट रडलेले नाही. रडेन. तुम्ही निवांत राहा, उताणे झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला रिकाम्या गाडीने सोनगीरला परत पाठवलं, आणि अक्कांना घेऊन नाशिकच्या बसमध्ये बसले.