भोकाच्या पैशाचा फोटो

बाबांना आता बारीक दिसत नाही, म्हणून त्यांच्या नाण्यांचे फोटो काढून टीव्हीवर मोठे करून दाखवायचं मी कबूल केलं आणि पिपरी मेघेला माहेरी आले. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत, प्लास्टिकच्या खिडकीमागे. "बाहेर काढू नको बरं," बाबांनी बजावलं. पूर्वी एका पाहुण्याने नाण्याला नुसतं बोट लावलं, तर बिचाऱ्याला चहासुद्धा मिळाला नव्हता.

प्लास्टिक भारी चमकायचं. फ्लॅश बंद केला, दिवा बाजूने धरला, तरी फोटोत नाण्याआधी माझंच नाक. वैतागून मी अंगणात जाऊन उभी राहिले. परत आले तर आई पदराने काहीतरी पुसत होती.

भोकाचा पैसा! बाबांच्या लहानपणी त्यांच्या करदोड्यात बांधलेला, साऱ्या संग्रहातला पहिला. आईने चौकटीच्या पिना उचकटून तो चिंच-मीठ लावून घासला होता, लक्ष्मीपूजनाला घासतात तसा. बाबांनी जिवापाड जपलेला काळा रंग पार निघून गेला होता. पैसा नव्या तांब्यासारखा लाल झाला होता.

"फोटो काढून राह्यली ना तू? काळा कसा दिसन, म्हनून घासला," आई म्हणाली. माझा चेहरा पाहून तिचा आवाज बारीक झाला. "काऊन? बिघडलं का काई?"

मला तिचा भयंकर राग आला आणि तितकीच दयाही. पैसा परत चौकटीत घालून, पिना मारून मी फोटो काढला. वगळून चालणार नव्हतं. बाबांनी तोच आधी विचारला असता.

संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून अगदी टीव्हीपुढे बसले. प्रत्येक नाण्याला "वा!" म्हणत होते. आई दाराशी पदराचं टोक पिळत उभी. मग तो आला, पडदाभर लालभडक.

"कोनता हा?"

"भोकाचा पैसा, बाबा."

ते पुढे झुकले. बराच वेळ पाहत राहिले.

"वा! काळा रंग पाह्य, कसा धरला त्यानं. याले म्हनतात जुनं नानं."

सुटलो, असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, पडदाभर लाल होतं आणि बाबा काळा म्हणत होते; एवढा मोठा करूनही त्यांना दिसतच नव्हतं. आई पुढे आली आणि तिने त्यांच्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी घासला तो," ती रडत म्हणाली. "चिंचेनं घासला. रागवा ना मले."