ताटलीतला शेवटचा घास

शिकागोत ऑफिस सुटल्यावर घरी जाऊन कुकर लावायचंही त्राण उरत नाही, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या एका छोट्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसते. काल अर्धं ऑम्लेट खाऊन झाल्यावर हात जड झाले, म्हणून काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवून नुसती बसून राहिले. लगेच वेटर आला.

"झालं ना तुमचं?" त्याने अदबीने विचारलं.

काटा-सुरी अशी जोडून ठेवली की जेवण संपलं, ही तिथली रीत मला ठाऊक होती. पण 'नाही हो, जरा दमलेय' एवढं इंग्रजीत सांगायचाही कंटाळा आला. मी होकारार्थी मान हलवली आणि ताटली गेली.

साताऱ्याला आमची काकू ताटावर हात आडवे धरले तरी पोळी टाकायचीच. "अगं, एवढीशी तर आहे," म्हणायची. तेव्हा त्या आग्रहाचा वैताग यायचा. इथे माणूस जरा थांबला की तो संपला असं धरून चालतात.

पलीकडच्या टेबलावर एक म्हाताऱ्या बाई एकट्याच बसल्या होत्या. ताटलीत बटाट्याची एकच फोड उरलेली. काटा एका कडेला, सुरी दुसऱ्या कडेला, म्हणजे जेवण अजून चालू. वेटर दोनदा जवळून गेला, पण थांबला नाही. बाहेर अंधारून आलं तरी बाईंनी ती फोड काही खाल्ली नाही.

मी कॉफी मागवली. आणि शेवटचा घोट कपात तसाच ठेवला.