बेट, बर्फ आणि बादली

पाइप-नळाच्या दुकानात गिऱ्हाइकं येतात, किस्से येत नाहीत. पण बोरगाव मेघेतल्या माझ्या दुकानाच्या वर एक हॉल आहे, आणि तिथे दर रविवारी चार वाजता आमचं काव्यमंडळ भरतं. जागा माझी, खुर्च्या माझ्या, म्हणून चिटणीसही मीच! मंडळातल्या कविता कोणाच्या लक्षात राहत नाहीत, माझ्या तर माझ्याही राहत नाहीत. किस्से मात्र इतके साचलेत की सांगायला बसलो की बायको म्हणते, "पह्यले दुकान उघडा जी!"

आमचे अध्यक्ष उमाटे सर, निवृत्त प्राचार्य. टोपणनाव 'सिंधुपुत्र'. तीस वर्षं हे नाव लावतायत, समुद्र तेवढा पाहायचा राहिलाय! दोनेक वर्षांपूर्वी त्यांना पेपरात एक फोटो दिसला. देशाच्या पार टोकाचं बेट. एक खडक, एक झेंडा, एक जवान. सर तो पेपर घेऊन जिना चढून आले आणि धापा टाकतच म्हणाले, "मंडळी, आजपासून पाऊस, प्रेम, विरह सगळं बंद! आता फक्त बेट!"

महिन्याभरात बेटावर चाळीसेक कविता झाल्या. निम्म्यांत ते पूर्वेला होतं, निम्म्यांत पश्चिमेला. त्यावरून दोन गट पडले, एकाने राजीनामासुद्धा लिहून आणला. शेवटी सरांनी तोडगा काढला. "दक्षिणेला ठेवा. म्हणजे कोणाचंच मन दुखावणार नाही."

मागच्या रांगेतून थूलबाई हळूच म्हणाल्या, "सर, दक्षिणेलेच हाये ते."

"झालं तर मग! बाईंचाही पाठिंबा आहे," सर म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

* * *

थूलबाई म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका. एकट्याच राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद फौजेत आहे आणि त्याचं पोस्टिंग नेमकं त्याच बेटावर! हे कळलं त्याच दिवशी सरांनी त्यांना मंडळाचं सभासद करून घेतलं. पत्रिकेवर छापलं, 'बेटाशी थेट नातं असलेलं जिल्ह्यातलं एकमेव मंडळ'.

बाई कविता करत नाहीत. मी एकदा विचारलं, "मग तुम्ही येता काऊन?"

"घरी कोणाशी बोलू भाऊ त्याच्याबद्दल? इथं आठ-दहा लोक त्याच्याच गावाचं नाव घेतात. बरं वाटते."

मिलिंद तिकडे वायरलेसवर. ड्यूटीवर अख्ख्या देशाशी बोलेल, पण आईशी बोलायचं तर आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, टेकडी चढून जायचं. रेंज असली तर फोन, नाहीतर पुढच्या रविवारी. म्हणून बाई फोन मांडीवर घेऊनच बसायच्या. आमच्याकडे खरं तर नियम आहे. माझ्या दुकानातली एक निळी बादली स्टेजजवळ ठेवलेली असते, कवितावाचन सुरू होण्याआधी सगळ्यांनी आपापले फोन त्यात टाकायचे. बाईंना मी सूट दिली होती. तेवढं एक चांगलं काम माझ्या हातून होत होतं.

दोन वर्षांत त्यांना बेटाबद्दल कोणी एक प्रश्न विचारला असेल, तर शपथ! कवीला माहिती लागत नाही, विषय पुरतो.

* * *

आता भोयर गुरुजी. त्यांची एक जुनी कविता होती, हिमालयातल्या जवानावर. बक्षीसही मिळालं होतं तिला. गुरुजी काटकसरी माणूस. त्यांनी 'शिखर' खोडून 'बेट' घातलं, 'दरी' खोडून 'लाट' घातली आणि खड्या आवाजात वाचायला लागले. चौथ्या कडव्यात जवान गुडघाभर बर्फात उभा!

थूलबाईंना राहवलं नाही. "गुरुजी, मिलिंद म्हणते तिथं बारा महिने घामोळ्या येतात. बर्फ तं फ्रिजातबी जमत नाई."

"बाई, हे प्रतीकात्मक बर्फ आहे!"

"पण गुरुजी, त्याले मी सुती बनियान पाठवतो..."

सरांनी हात वर केला. "बर्फ राहू द्या. घामोळ्यांत त्याग दिसत नाही."

टाळ्या! मीही वाजवल्या.

* * *

समुद्राचा अनुभव नाही ही खंत सरांना होतीच. मग अभ्यासदौरा ठरला. कुठे? बोर धरणावर! टेम्पो ट्रॅव्हलर केली, आलूबोंडे बांधून घेतले. सरांनी धरणाच्या भिंतीवर उभं राहून, मफलर वाऱ्यावर सोडून, पाण्याकडे हात पसरले. "हे रत्नाकरा, थांब! पुढे माझा देश आहे!"

पाणी थांबलेलंच होतं, धरण होतं ते. शेळ्या चारणारा एक म्हातारा पळत पळत आला. "काऊन जी, कोणी डुबलं का?"

"नाही हो. आम्ही कवी आहोत."

म्हातारा आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहत राहिला. मग शेळ्या हाकत म्हणाला, "घरचे आले नाई का संग?"

परत येताना ट्रॅव्हलरमध्ये कोणी कविता म्हटली नाही. तेवढा प्रवास सुखाचा झाला.

* * *

मग आमचा संग्रह निघाला. सरांच्या मनात आलं, पुस्तक प्रत्यक्ष बेटावर गेलं पाहिजे! थूलबाईंचं पार्सल जाणारच होतं. जवसाची चटणी, तिळाचे लाडू आणि बनियानी, असा एक डबा बाईंनी आठवडाभर खपून भरला होता. पण खोका तेवढाच. सरांनी स्वतः उभं राहून त्यात बारा प्रती बसवल्या. चटणी आणि लाडू बाहेर निघाले.

"बाई, पोटाची भूक काय, कुठेही भागते!" सर लाडू खात म्हणाले. दोन लाडू मीही खाल्ले, खोटं कशाला बोलू? छान झाले होते.

महिन्याने मिलिंदचा फोन आला. "माय, पार्सल भेटलं. चटणी कुठं हाये?"

मग बाईंनी पुस्तकांचं विचारलं. तो म्हणाला, "लय कामी आले वो. खाली ओल येते तं पेटीखाली लावले."

बाईंनी भाबडेपणाने हे मंडळात सांगितलं. सरांनी मला इतिवृत्तात नोंद करायला लावली, 'आपला संग्रह बेटावरील जवानांचा आधार ठरला आहे.'

* * *

आता शेवटचा. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. तिकडे वादळ झालं होतं, आणि सलग तीन रविवार मिलिंदचा फोन नव्हता. बाई यायच्या, फोन मांडीवर ठेवून बसायच्या आणि सहा वाजता तशाच निघून जायच्या. चेहरा उतरला होता. चौथ्या रविवारी नेमकं आमचं वार्षिक संमेलन! नागपूरहून प्रमुख पाहुणे येणार म्हणून सरांनी बजावलं, "आज बादलीला अपवाद नको."

बाईंचा फोन मीच मागितला. त्या म्हणाल्या, "भाऊ, आज त्याचा येईन वाटते." मी म्हटलं, "पाहुणे आहेत ना, बाई." आणि घेतला. लाज वाटते मला त्याची.

सरांची दीर्घकविता सुरू झाली, 'जवानाची माय'. ती माय उंबरठ्यावर बसून वाट पाहते, दिवा विझू देत नाही वगैरे. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते, अधूनमधून घोरतही होते. नवव्या कडव्यात बादली घणघणली! प्लॅस्टिकची बादली, त्यात पंधरा-वीस फोन, आवाज असा झाला की पाहुणे दचकून उठले आणि "वाहवा!" म्हणाले.

थूलबाई मागच्या रांगेतून उठल्या. खुर्च्या सरकवत, लोकांचे पाय तुडवत थेट स्टेजजवळ आल्या, बादली आडवी केली आणि आपला फोन काढून कानाला लावला. "हॅलो! मिलिंद? बोल बापू, बरा हायेस ना?"

सर माइकमधूनच कडाडले, "बाई! इथे जवानाच्या मायवर कविता सुरू आहे! कोण आहे फोनवर?"

"जवान हाये, सर. बोलता का?"

सरांनी हातातले कागद चाळले, घड्याळ पाहिलं आणि जरा नरमून म्हणाले, "त्याला म्हणावं, थोडा वेळ होल्डवर राहा. अजून सातच कडवी आहेत."

बाईंनी सरांकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाठ केली, बादलीशेजारी खाली फतकल मारून बसल्या आणि फोनमध्ये म्हणाल्या,

"तू बोल बापू, निवांत बोल. सरांले मी होल्डवर ठेवलं हाये."