लेह ते दिल्ली, एक तास बावीस मिनिटं

हवाई दलात मी एकवीस वर्षं काढली. आता बदलापूरला, कात्रपमध्ये राहतो. माझी ड्यूटी लोडमास्टरची. विमानात माल कुठे ठेवायचा, माणसं कुठे बसवायची, वजन कसं वाटायचं, हे मी बघायचो.

आमचं स्क्वाड्रन चंदीगडला होतं. पहाटे रेशन आणि केरोसीन भरून लेहला जायचं, दुपारचा वारा सुटायच्या आत परतायचं. सडकेने दोन दिवस खाणारं अंतर आम्ही तासाभरात कापायचो.

एका जानेवारीत परतीच्या फेरीला दोन स्ट्रेचर आले. एकावर कुमाऊंचा शिपाई, उंचीवर फुफ्फुसांत पाणी झालेलं, बेशुद्ध. दुसऱ्यावर हवालदार भोईर. गाडी बर्फावरून घसरली आणि त्याची छाती चेपली. नाव वाचून मी विचारलं, "कुठले?"

"अंबरनाथ."

"मी बदलापूरचा."

"मग शेजारीच की," तो हसला. हसताना कळ आली असणार.

नऊ चाळीसला टेकऑफ. दहा पंचवीसला हेडसेटमध्ये कॅप्टनचा आवाज आला. "चंदीगड क्लोज्ड. फॉग. अंबालाही बंद. डायव्हर्टिंग टू दिल्ली."

"सर, किती वेळ?"

"पस्तीस ते चाळीस मिनिटं."

सोबतच्या मेडिकल असिस्टंटने गेज बघितला. ऑक्सिजनच्या दोन सिलिंडरांपैकी एकाचा व्हॉल्व्ह वाटेतच गळाला होता. उरलेला दोघांना चंदीगडपर्यंत पुरला असता. दिल्लीपर्यंत एकालाच पुरणार होता. मी आमची क्रूची छोटी बाटली काढून दिली, ती दहा मिनिटांत संपली. डोंगर मागे पडताच कॅप्टनने विमान जमेल तेवढं खाली आणलं, हवा जरा दाट मिळावी म्हणून. मग एकच मास्क आळीपाळीने लावायला सुरुवात झाली.

भोईर सगळं ऐकत होता. तिसऱ्या पाळीला त्याने मास्क हाताने अडवला.

"हवालदार, लावा. ऑर्डर आहे," असिस्टंट म्हणाला.

"त्याला लाव. मी शुद्धीत आहे."

मी वाकून म्हटलं, "भोईर, हट्ट नको."

"किती राहिलं?"

"वीस मिनिटं."

"काढतो मी वीस मिनिटं."

त्याने पंधरा काढली. माझा हात त्याच्या हातात होता. अकरा वाजून दोन मिनिटांनी चाकं दिल्लीच्या धावपट्टीला लागली. शिपाई जिवंत होता.

रजेवर आलो तेव्हा मी अंबरनाथला त्याच्या घरी गेलो. वडील आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर होते, नुकतेच पाळीवरून आलेले. मी सगळं सांगितलं, वेळेसकट. शेवटी त्यांनी विचारलं, "तो दुसरा पोरगा वाचला?"

"वाचला. परत युनिटला गेला."

त्यांनी मान हलवली. आतल्या खोलीकडे वळून सुनेला हाक मारली, "सूनबाई, बाहेर ये. आपला गणपत कसा गेला ते हे साहेब सांगतायत. उभी राहून ऐक."

ती आली. मी खुर्चीवरून उठलो, आणि अटेन्शनमध्ये उभा राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.