सोडायची सवय

तीस-पस्तीस सालच्या सुमारास नाशकात गोदेच्या घाटावर एक एकटी म्हातारी रोज दिसायची. दर अमावास्येला ती घरातली एक वस्तू आणून गरजवंताला देई. तवा, पाट, लुगडी, सगळं असंच गेलं. तिच्या न जगलेल्या लेकराची कुंची मात्र ती दर वेळी उलगडायची आणि घडी घालून परत न्यायची.

"एवढी राहू द्या, आजी," मी एकदा म्हटलं.

"माझ्यामागं चिंधी म्हणून चुलीत जाईल रे. हाताला सोडायची सवय लावतेय, पन हा हात लय हट्टी हाय."

पुढच्या अमावास्येला पायरीवर बसलेल्या एका मजुरणीच्या बाळाच्या डोक्यावर ती कुंची होती. बाळ हसलं. म्हातारीचे रिकामे हात मांडीवर घडी घालतच राहिले.