जोन्स फार झाले

जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनच्या बाजारपेठेत चारुलताबाई कुलकर्णींचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर लावणं; सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या. माणसाचं आडनाव त्यांच्या लेखी एवढ्याचसाठी, की ज्याची पॅन्ट त्याला परत जावी. दोन म्युलर आले तर एकाच्या चिठ्ठीवर 'टक्कल' असं लिहायचं आणि टाचणी टोचायची.

त्यांच्या यजमानांचं, श्रीधरपंतांचं, मत वेगळं होतं. १९८४ साली ते इथल्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा गावच्या फोनबुकात कुलकर्णी एकच. ते पान त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. पाहुण्याला चहाच्या आधी फ्रेम मिळे. पुण्यात ज्या आडनावाने हाक मारली की अर्धी गल्ली मागे वळते, ते इथे दुर्मिळ ठरलं, याचं श्रेय ते स्वतःकडे घेत.

२०१६च्या मे महिन्यात बर्लिनला इराला मुलगा झाला. इरा त्यांची एकुलती एक. नवरा एम्लिन जोन्स, वेल्सचा, तिच्याच इन्स्टिट्यूटमध्ये संशोधक. लग्नानंतर दोघांनी आपापली आडनावं तशीच ठेवली होती. त्यामुळे जन्मनोंदणीच्या ऑफिसला, श्टांडेसआम्टला, महिन्याच्या आत कळवायचं होतं, बाळ कुलकर्णी की जोन्स.

"जोन्स!" श्रीधरपंतांनी चमचा बशीत टाकला. "अगं, वेल्समध्ये खडा मारावा तर तो जोन्सलाच लागतो. हे काय आडनाव झालं? जोन्स लिहिलं तर बारशाला मी येणार नाही, सांग तिला."

दुसऱ्या दिवशी चारुलताबाई दुकानातून चिठ्ठ्यांचा डबा घरी घेऊन आल्या आणि टेबलावर एकेक चिठ्ठी मांडत गेल्या.

"कुलकर्णी, पातळ मिशी. कुलकर्णी, नाशिक. कुलकर्णी, सायकलवाला. कुलकर्णी, बायको फार बोलते. कुलकर्णी, बायकोला बोलू देत नाही..."

"हे काय आहे?"

"यंदाची गिऱ्हाइकं. तुमच्याच कंपनीतली नवी पोरं. सात झाले, आठवा परवा माप देऊन गेला."

"ते वेगळे कुलकर्णी. आपलं गोत्र..."

"अहो, पॅन्ट उसवते तेव्हा आत गोत्र दिसत नाही."

श्रीधरपंत आवाज खाली आणून म्हणाले, "पण आपलं नाव संपेल ना, चारू."

"माझं वसुधा होतं. तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठी फिरवलीत आणि एका मिनिटात संपवलंत. वर दोन वाट्या श्रीखंड खाल्लंत."

रविवारी सकाळी इराचा फोन आला. "आल्झो, तर मग आई, मी कुलकर्णीच लिहितेय. ऑफिसात परवाची टर्मिन, भेटीची वेळ, मिळालीय."

"तुला तसं हवंय?"

"एम्लिनला जोन्स हवंय. त्याचे बाबा गेल्या वर्षी गेले ना. मलाही तेच आवडेल. पण बाबा फोनवर म्हणाले तसे बारशाला आलेच नाहीत तर?"

चारुलताबाई संतापल्या, पण इरावर नव्हे. एकतीस वर्षांची, पीएच.डी. झालेली मुलगी, बाळंत होऊन आठवडा झाला नाही, आणि भिते कशाला, तर भिंतीवरच्या एका कागदाला.

"जोन्स लिही," त्या म्हणाल्या. "पाळणा हलवायला मी एकटी पुरे."

"आणि बाबा?"

"त्यांना तीन दिवसांची भाजी करून ठेवते. रुसायला अंगात ताकद लागते."

श्रीधरपंत रीतसर रुसले. पण बारशाच्या आदल्या दिवशी चारुलताबाई स्टुटगार्ट स्टेशनवर पोचल्या, तर फलाटावर सूट घालून हे उभे. "खिडकीची जागा स्वस्तात मिळाली, म्हणून निघालो," म्हणाले. पाऊण तासावरच्या मॅनहाइमपर्यंत ते बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. तिथे मात्र जेवणाचा डबा उघडला गेला.

बारसं झालं, बाळाचं नाव श्रीरंग ठेवलं. पंगत उठल्यावर श्रीधरपंतांनी जावयाला इंग्रजीत खोचकपणे विचारलं, "तुमच्या गावात सगळे जोन्सच असतील, नाही का?"

"होते," एम्लिन म्हणाला. "आजोबांच्या वर्गात एकतीस मुलं, त्यांत सतरा जोन्स. मग पाववाला जोन्स, मेंढ्यांचा जोन्स, पुलाखालचा जोन्स, अशा हाका मारायचे. पुढे दगडाची खाण बंद पडली, माणसं पांगली. घरं बाहेरच्या लोकांनी घेतली, उन्हाळ्यात राहायला. आता शाळेत दोन जोन्स उरलेत, तेही बहीण-भाऊ. माझ्या घरात माझ्यानंतर हाच."

हे सांगताना बाळाची टोपी सरळ करणारा त्याचा हात जरा थांबला. चारुलताबाईंनी तो पाहिला. श्रीधरपंतांनी ऐकलं ते एवढंच, "दोनच?"

तासाभरात ते पुण्याला धाकट्या भावाशी, विलासशी, फोनवर बोलत होते. "अरे, हे साधं जोन्स नव्हे. त्या भागात जवळजवळ नामशेष! कुलकर्णींचं काय घेऊन बसलास? हल्ली गेर्लिंगेनमध्ये शिंकलं तरी चार कुलकर्णी वळून बघतात. हं, गेनाऊ, अगदी तेच! मीच म्हटलं इराला, जोन्स लिही."

इराचं तोंड उघडंच राहिलं. "आई, सांगू का काकांना?"

"कशाला? आले ना ते. तुला तेवढंच हवं होतं." मग चारुलताबाईंनी पाळण्यात हात घालून पाहिला आणि दुसऱ्या खोलीपर्यंत जाईल असा आवाज काढला. "अहो, फोन ठेवा आणि इकडे या. तुमचा दुर्मिळ जोन्स ओला झालाय."

तान्ह्या इराचा लंगोट श्रीधरपंतांनी जन्मात कधी बदलला नव्हता. विलासला "एक मिनिट थांब" म्हणून ते उठले.